केसपेपरवरचा ‘अस्थेनिया’

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत, वय ३९. गेले सात-आठ महिने त्यांना सतत अशक्तपणा जाणवतो. मधल्या सुट्टीनंतर फळ्यापाशी उभे राहवत नाही, शाळेचा जिना चढताना मध्येच थांबावे लागते आणि संध्याकाळी पोळ्या लाटताना हात भरून येतात. गावातल्या डॉक्टरांनी तपासून केसपेपरवर ‘अस्थेनिया’ असे लिहिले, रक्ताच्या तपासण्यांची चिठ्ठी दिली आणि पंधरा दिवसांनी बोलावले. बाईंनी रात्री मोबाइलवर तो शब्द शोधला, त्यावरून त्या ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’पर्यंत पोहोचल्या आणि घाबरून गेल्या. पतींच्या वाचनात ‘न्यूरास्थेनिया’ आला, त्यामुळे हे सारे मनाचे खेळ आहेत असे त्यांचे मत झाले. सासूबाई म्हणतात, दोन सलाईन लावून घे, बरे वाटेल. पूर्वी एकदा केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन साडेनऊ निघाले होते, पण “बायकांचे तेवढे असतेच” असे सासूबाईंचे म्हणणे; आणि पाळीच्या वेळी अंगावरून फार जाते, “पण तो त्रास कोणाला चुकला आहे”, असे बाईंनी ओझरते लिहिले आहे. चिठ्ठीवरच्या तपासण्या त्यांनी अद्याप केलेल्या नाहीत. हा शब्द कोठून आला आणि त्याचा अर्थ काय, थेट पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे का, आणि दीर्घ रजा टाकावी की नोकरीच सोडावी, असे त्यांचे प्रश्न आहेत. पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे: “निदान आजाराला नाव तरी मिळाले, आता घरचे मला आळशी म्हणणार नाहीत.”

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमच्या प्रश्नांपैकी शब्दाचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचे उत्तर कळले की बाकीच्या प्रश्नांचे वजन बदलेल. ‘अस्थेनिया’ हे कोणत्याही एका आजाराचे नाव नाही. ग्रीक भाषेत ‘स्थेनोस’ म्हणजे बळ आणि त्याच्या आधी लागलेला ‘अ’ म्हणजे अभाव. बळ नसणे, एवढाच या शब्दाचा अर्थ आहे. तुम्ही डॉक्टरांना सांगितले, “फार अशक्तपणा येतो हो,” आणि त्यांनी केसपेपरवर ‘अशक्तपणा’ असेच लिहिले, फक्त ग्रीकमध्ये. तपासण्यांचे निकाल हाती येण्याआधी रुग्णाची तक्रार नोंदवून ठेवावी लागते, त्यासाठी आम्ही डॉक्टर असे शब्द वापरतो. त्यांचा शोध तिथून सुरू व्हायचा होता, आणि त्या शोधाची चिठ्ठी अजून तुमच्या पर्समध्येच आहे.

या शब्दातला ‘अ’ आपल्याला परका नाही. अशक्त, अबल, अजाण यांतला नकाराचा ‘अ’ आणि ग्रीकमधला ‘अ’ एकाच प्राचीन भाषाकुळातले आहेत, आणि दोघांचा स्वभावही सारखा आहे: पुढे स्वर आला की दोघेही ‘अन्’ होतात. आपण आदर-अनादर, एक-अनेक म्हणतो. ग्रीकमध्ये ‘हैमा’ म्हणजे रक्त, आणि आरंभीचा ‘ह’ गळून रक्ताच्या उणिवेचा शब्द होतो ‘अनैमिया’, ज्याला आपण ‘अ‍ॅनिमिया’ म्हणतो. हा शब्द लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. ‘अशक्त’ची घडण तर ‘अस्थेनिया’शी तंतोतंत जुळते. संस्कृतात ‘शक्’ म्हणजे एखादी गोष्ट करता येणे. मराठीतले ‘शकणे’ त्याच धातूचे, ‘शक्य’ आणि ‘शक्ती’ही त्याच धातूचे. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून सांगते, पृथ्वीचा परीघ मोजणारा इरॅटोस्थेनिस, अथेन्सचा वक्ता डिमॉस्थेनिस आणि कवायतीतले कॅलिस्थेनिक्स, या तिन्ही शब्दांत हाच ‘स्थेनोस’ बसलेला आहे. आजच्या ग्रीसमध्ये ‘अस्थेनिस’ म्हणजे कोणताही रुग्ण, आणि रुग्णवाहिकेला ‘अस्थेनोफोरो’ म्हणतात. त्या गाडीतून पाय मोडलेला माणूसही जातो आणि अडलेली बाळंतीणही. इतक्या व्यापक शब्दावरून आजार ओळखता येईल, ही पहिली समजूत आपण सोडून देऊ या.

मग तुम्हाला मोबाइलवर सापडलेला ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ काय आहे? तो मात्र खरोखर एक आजार आहे आणि त्याच्या नावात ‘अस्थेनिया’च्या आधी स्नायू जोडलेला आहे. ग्रीक ‘मिस’ म्हणजे उंदीर, आणि स्नायूही. लॅटिनमध्ये स्नायूला ‘मस्क्युलस’ म्हणजे छोटा उंदीर म्हणत, आणि आपला ‘मूषक’ त्याच कुळातला आहे. हात दुमडला की दंडाच्या कातडीखाली काहीतरी टुणकन वर येते, त्यात त्यांना उंदीर दिसला. आपल्याकडची मुले त्याच दंडात ‘बेटकुळी’ काढून दाखवतात. ‘ग्रेव्हिस’ म्हणजे जड, गंभीर; लघु-गुरूमधला आपला ‘गुरू’ याच मुळाचा. बर्लिनच्या फ्रीडरिश योली यांनी हे नाव १८९५ मध्ये वापरले, पण आजाराची ओळख त्याच्या दोनशे वर्षे आधीची आहे. १६७२ मध्ये टॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरांनी एका स्त्रीविषयी लिहून ठेवले आहे की ती सुरुवातीला नीट बोलत असे, मात्र फार वेळ किंवा घाईघाईने बोलली की तिची वाचा पार बंद होई आणि ती परत यायला तास-दोन तास लागत. आजाराची खूण या वर्णनातच आहे. ठरावीक स्नायू वापरत गेले की त्यांचे बळ ओसरते आणि विश्रांती मिळाली की परत येते. मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे रसायन पोहोचवते. या आजारात शरीराचीच प्रतिपिंडे निरोप घेणारी जागा अडवतात. १९३४ मध्ये ग्रिनिचच्या एका रुग्णालयात मेरी वॉकर या डॉक्टर बाईंनी अशा रुग्णाला फायसोस्टिग्मिनचे इंजेक्शन दिले आणि मिटलेली पापणी उघडलेली पाहिली. तेव्हापासून उपचार सुधारत गेले आणि आज बहुतेक रुग्ण औषधे घेऊन आपापली कामे करतात. नावातला ‘ग्रेव्हिस’ औषधे नव्हती त्या काळातला आहे, तो वाचून धीर सोडू नये.

या आजाराविषयी मी इतके सविस्तर लिहिते आहे त्याला एक कारण आहे, आणि ते माझ्या स्वतःच्या चुकीचे आहे. दवाखाना नवीन असताना पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या. काय होते असे विचारल्यावर त्या “विकनेस” एवढेच म्हणाल्या. मी नाडी, रक्तदाब पाहिला, केसपेपरवर ‘अस्थेनिया’ लिहिले, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. तीन महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा त्यांची डावी पापणी अर्धी खाली आलेली होती. आता मी नीट बसून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “संध्याकाळी तांदूळ निवडायला बसले की एका खड्याचे दोन खडे दिसतात. सकाळी एकच असतो.” त्या एका वाक्यात सगळे निदान होते. ते वाक्य पहिल्या दिवशीही त्यांच्यापाशी होते. मी विचारले नाही आणि ‘विकनेस’ या शब्दाआड ते राहून गेले. त्या पुढे बऱ्या झाल्या, पण ते तीन महिने मला अजून टोचतात, आणि तेव्हापासून मी कोणाही रुग्णाच्या ‘विकनेस’वर थांबलेली नाही.

तुमच्या पत्रात असे काही आहे का, म्हणून मी ते दोनदा वाचले. पापणी पडणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, जेवताना जबडा थकणे, पाणी पिताना ठसका लागून ते नाकातून येणे, बोलता बोलता आवाज नाकात जाणे, यांपैकी तुम्ही काहीच लिहिलेले नाही. लिहायचे राहिले असेल तर मात्र थांबू नका आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. तसेच, अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले, आडवे पडल्यावर श्वास पुरेना, किंवा पायांपासून सुरू झालेला लुळेपणा दोन-चार दिवसांत वर चढू लागला, तर तो प्रश्न सदराला पत्र लिहिण्याचा नव्हे, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जाण्याचा आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे वर्तमानपत्रांतल्या ‘जीबीएस’चे रुग्ण आढळले, तेव्हा लवकर पोहोचण्याचे महत्त्व आपण सर्वांनीच पाहिले आहे. यांतले काहीच नसेल, तर मी तुम्हाला पुण्याची गाडी आत्ताच पकडायला सांगणार नाही. मेंदूविकारतज्ज्ञही आधी त्याच रक्ताच्या तपासण्या मागतील, ज्यांची चिठ्ठी तुमच्याकडे आहे.

आता तुम्ही ज्या दोन गोष्टी ओझरत्या लिहिल्या आहेत, त्यांच्याकडे येते, कारण माझ्या मते पत्राचा गाभा तिथे आहे. पत्रावरून मी निदान करत नाही, ते तुमच्या डॉक्टरांचे काम आहे; पण साडेनऊ हिमोग्लोबिन “तेवढे असतेच” म्हणून सोडून देण्याजोगे अजिबात नाही. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर जागतिक आरोग्य संघटना त्याला अ‍ॅनिमिया म्हणते, आणि ८ ते १०.९ या पट्ट्यातला अ‍ॅनिमिया मध्यम तीव्रतेचा धरते. तुमचा आकडा या पट्ट्याच्या मधोमध आहे. सासूबाई म्हणतात त्यात एक तथ्य जरूर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आढळला. पण शंभरातल्या सत्तावन्न जणींना एखादी गोष्ट आहे म्हणजे ती निरोगीपणाची आहे, असे होत नाही. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांना फळ्यावरचे दिसत नसेल, तर तुम्ही त्यांना चष्मे लावायला सांगाल, “मुलांना तेवढे दिसत नसतेच” असे म्हणणार नाही.

हिमोग्लोबिन म्हणजे शरीरभर प्राणवायू वाहून नेणारी गाडी. गाड्या कमी झाल्या की हृदय फेऱ्या वाढवते, म्हणून जिना चढताना छाती धडधडते आणि धाप लागते. दुपारपर्यंत कसाबसा पुरलेला साठा संध्याकाळच्या स्वयंपाकाला उरत नाही. तुमचे वर्णन याच्याशी बरेच जुळते. आणि रक्त कोठे जाते, याचे उत्तर कदाचित तुमच्या दुसऱ्या ओझरत्या वाक्यात आहे. पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर तो न चुकणारा बायकांचा त्रास म्हणून सोसायचा नसतो. त्यामागे गर्भाशयातल्या गाठी असू शकतात, थायरॉइडचे बिघडणे असू शकते, आणि या दोहोंवरही उपचार आहेत. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांआधी स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्राम, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाच्या कामासाठी क्रिएटिनिन एवढ्या आहेत का ते पाहा. नसतील तर डॉक्टरांना विचारा. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ विशेष महत्त्वाचे. ‘ड’ फार कमी असेल तर मांड्यांचे आणि खांद्याजवळचे स्नायू दुबळे होतात आणि जमिनीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहासोबत घेऊ नका. चहा आणि गोळी यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवा, आणि लिंबाचे सरबत किंवा आवळा सोबत असेल तर लोह अधिक शोषले जाते. शौचास काळे होते, त्याची भीती बाळगू नका. उपचार लागू पडत असेल तर महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने वाढायला हवे. ते वाढले नाही तर गोळी बदलायची की रक्तस्राव थांबवायचा की दुसरे कारण शोधायचे, हे ठरवता येते. आकडा बाराच्या वर गेला तरी रिकामा झालेला साठा भरण्यासाठी गोळ्या पुढे सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि बहुतेक जणी नेमक्या इथेच त्या सोडतात.

सलाईनविषयी थोडक्यात. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी असते. ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे चमच्याने मोजली तर पाच चमचे. त्यात जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मिसळले की बाटली पिवळी दिसते. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी गेलेल्या माणसाला सलाईन जीवदान देते, पण त्यात लोह नसते आणि रक्त वाढवणारे दुसरेही काही नसते. दोन तास पडून राहायला मिळाल्यामुळे आणि कोणीतरी आपली विचारपूस केल्यामुळे बरे वाटते, हे मात्र खरे आहे, आणि सासूबाईंची माया त्या सल्ल्यात आहे हेही खरे. बळ बाहेरून भरता येते, ही कल्पना डॉक्टरांनीच लोकांना दिलेली आहे. एडिंबरोच्या जॉन ब्राउन यांनी १७८० च्या आपल्या ग्रंथात सगळ्या आजारांचे दोन गट केले, अति उत्तेजनाचे ‘स्थेनिक’ आणि अल्प उत्तेजनाचे ‘अस्थेनिक’. बहुतेक रुग्ण दुसऱ्या गटात टाकले आणि त्यांना मद्य व अफू द्यायला सांगितले. त्यांची पद्धत युरोपात दूरवर पसरली, आणि आज ती कोणी वापरत नाही. ‘टॉनिक’ हा शब्द ग्रीक ‘टोनोस’पासून आला, त्याचा अर्थ ताण, आणि आपला ‘ताण’ही त्याच मुळाचा आहे. सैल पडलेल्या शरीराला ताण देणारे ते टॉनिक. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत घर आणि शाळा ओढणाऱ्या बाईला आणखी ताणायची गरज आहे असे मला वाटत नाही.

तुमच्या पतींच्या ‘न्यूरास्थेनिया’विषयी मला कळकळीने लिहायचे आहे आणि हा परिच्छेद त्यांनीही वाचावा. न्यूयॉर्कच्या जॉर्ज बियर्ड यांनी १८६९ मध्ये हा शब्द पुढे आणला. मज्जातंतूंमधली शक्ती मर्यादित असते आणि बॅटरीसारखी ती संपते, अशी त्यांची कल्पना होती. ती का संपते याची कारणे त्यांनी दिली, त्यांत वाफेची यंत्रे, तारायंत्र, नियतकालिके, विज्ञान आणि स्त्रियांचे बौद्धिक काम, एवढ्या गोष्टी होत्या. फिलाडेल्फियाचे डॉक्टर वीअर मिचेल अशा स्त्रियांना आठवडेच्या आठवडे अंथरुणावर ठेवत, दूध पाजत आणि वाचन-लेखन बंद करत. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० च्या आपल्या वर्गीकरणातून हा शब्द वगळला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तो स्वतंत्र आजार म्हणून राहिलेला नाही. ज्या शब्दाच्या आधारे घरात तुमच्या थकव्याचा निकाल लागला, तो शब्द वैद्यकानेच बाजूला ठेवलेला आहे.

तरीही मनाचा प्रश्न मी टाळणार नाही. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास वाटले का, आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही रस उरला नाही असे झाले का, हे दोन प्रश्न स्वतःला शांतपणे विचारा. एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. नैराश्यातला थकवा हाडामांसात जाणवतो आणि तो उपचारांनी जातो. त्याला ‘खेळ’ म्हणणे कोणाच्याही बाबतीत चूक आहे. अ‍ॅनिमिया आणि नैराश्य एकाच वेळी असू शकतात, त्यामुळे एक सापडले म्हणून दुसरे शोधायचे थांबवायचे नसते.

आता पुढच्या भेटीची तयारी. डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘अस्थेनिया’, ‘विकनेस’ हे शब्द बाजूला ठेवा आणि आपल्या मराठीत बोला, कारण आपल्या भाषेत यासाठी एक नव्हे, अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाचा रोख वेगळा आहे. ‘थकवा’ कामानंतर येतो. ‘मरगळ’ काम सुरू करण्याआधीच असते. ‘अंगात त्राण नाही’ म्हणजे इच्छा आहे पण शरीर उठत नाही. हा ‘त्राण’ शिरस्त्राणातला, संस्कृतात त्याचा अर्थ रक्षण, मराठीत तो बळ झाला. ‘ग्लानी’ आली म्हणजे भान मंदावते. ‘कणकण’ म्हणजे आत ताप आहे. ‘धाप लागते’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’, ‘पाय लटपटतात’, ‘हात भरून येतात’, या प्रत्येक वाक्याने डॉक्टरांचे बोट शरीरात वेगळ्या जागी जाते. तुमच्या ‘हात भरून येतात’ याचाच नीट विचार करा. कितव्या पोळीला येतात? मिनिटभर थांबल्यावर पुन्हा लाटता येते का? हात जड होतो, दुखतो, की उचललाच जात नाही? केस विंचरताना, वरच्या फळीवरचा डबा काढतानाही असेच होते का? मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येते का? आठवडाभर वहीत रोज दोन ओळी लिहा: सकाळी कसे होते, संध्याकाळी कसे होते, काय करताना थांबावे लागले, झोप किती झाली, पाळीचा कितवा दिवस. अशी वही घेऊन आलेला रुग्ण डॉक्टरांचे निम्मे काम करून आलेला असतो.

रजेविषयी माझे मत स्पष्ट आहे: एका ग्रीक शब्दावरून राजीनामा देऊ नका. तपासण्या होऊन उपचार सुरू झाल्यावर निदान तीन महिने जाऊ द्या आणि मग ठरवा. फार थकवा असेल तर आठ-पंधरा दिवसांची वैद्यकीय रजा घेण्यात काहीच कमीपणा नाही, मात्र प्रमाणपत्रावर ‘अस्थेनिया’ऐवजी तपासणीत निघालेले कारण लिहून घ्या. तोवर मुख्याध्यापकांशी बोलून जास्त बोलावे आणि उभे राहावे लागणारे तास सकाळी मागून घ्या, वर्ग तळमजल्यावर मिळतो का ते पाहा, आणि वाचनाचा पाठ खुर्चीत बसून घ्या. दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहणे मी सुचवणार नाही, त्याने स्नायू आणखी दुबळे होतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात बळाचे तीन प्रकार सांगितले आहेत: जन्मतः असणारे सहज, ऋतू आणि वयानुसार येणारे कालज, आणि आहार-विहारातून मिळवलेले युक्तिकृत. बळ कमी-जास्त होते आणि ते परत मिळवता येते, असे आपल्या जुन्या वैद्यांनीही गृहीत धरलेले आहे. त्यात तुमच्या स्वभावाचा किंवा चारित्र्याचा कोठेही संबंध नाही.

आणि तुमचे ते शेवटचे वाक्य. ते वाचून मला वाईट वाटले. सात-आठ महिने रोज शाळेत जाऊन, परत येऊन पोळ्या लाटणाऱ्या बाईला आपण आळशी नाही हे सिद्ध करायला परदेशी नाव लागावे, हे मला पटत नाही. आणि ते नाव तुमचे रक्षणही करणार नाही, कारण उद्या पतींनी ‘अस्थेनिया’चा अर्थ पाहिला तर तिथे ‘अशक्तपणा’ एवढेच लिहिलेले असेल. त्यांना शब्द दाखवू नका, साडेनऊचा आकडा दाखवा आणि पुढच्या भेटीला सोबत घेऊन जा. तुमचे प्रश्न त्यांच्यासमोर विचारले जाऊ देत आणि डॉक्टरांची उत्तरे त्यांच्या कानांवर पडू देत. संध्याकाळच्या पोळ्यांचे काय करायचे, हा विषय त्याच दिवशी परतीच्या वाटेवर काढा, तीन महिन्यांच्या उपचारापुरता म्हणून काढा, आणि तो तुम्ही एकटीने सोडवायचा आहे असे धरून चालू नका.

सासूबाईंनाही सोबत न्या. “बायकांचे तेवढे असतेच” असे म्हणणारी स्त्री पुष्कळदा स्वतः आयुष्यभर तेवढ्यावरच चाललेली असते, आणि तिचे रक्त कोणी तपासलेले नसते. तुमच्यासोबत त्यांचेही हिमोग्लोबिन तपासून घ्या.